भावना पोहोचल्या ना? मग झालं!

गेल्या रविवारी सकाळी सव्वासात वाजता मी डोक्याला साबण फासून, डोळे घट्ट मिटून नळ चाचपडत उभा होतो. नळाने आधी ‘फुस्स’ केलं, मग तेही करेना. बादली रिकामी, पिंप रिकामं. शेवटी बायकोने दाराच्या फटीतून पिण्याच्या पाण्याचा तांब्या आत सरकवला आणि विचारलं, “नोटीस वाचली नव्हती का?”

वाचली होती हो! तिथेच तर चुकलं. शनिवारी संध्याकाळी लिफ्टशेजारी थांबून, चष्मा लावून वाचली होती. अक्षरशः अशी:

“सर्व सभासदां ना कळविण्यात येते की उद्या टाकी साफ करण्यात येणार आहे तरी पाणी सकाळी येणार नाही संध्याकाळी याची नोंद घेण्याचे करावे”

तुम्ही म्हणाल, सरळ तर आहे. मराठीत ‘नाही’ क्रियापदाच्या पाठोपाठ येतं, म्हणजे सकाळी येणार नाही, संध्याकाळी येईल. कबूल. पण आमचे सेक्रेटरी गेली दोन वर्षं “नाही लावायची गाडी गेटसमोर”, “नाही टाकायचा कचरा खिडकीतून” अशा नोटिसा लावत आलेत. त्यांच्या मराठीत ‘नाही’ आधी येतं. मी बापडा त्यांच्या व्याकरणाने वाचायला गेलो: सकाळी येणार, नाही संध्याकाळी. रात्री पाणी भरायचं कारणच उरलं नाही.

तांब्याभर पाण्यात जमेल तेवढा साबण उतरवून मी खाली गेलो. सेक्रेटरी पार्किंगमध्येच भेटले. माझं सगळं ऐकून घेऊन हसत म्हणाले, “काका, एवढं काय त्यात? भावना पोहोचल्या ना? मग झालं!”

भावना पोहोचल्या. पाणी तेवढं पोहोचलं नाही.

असो. मी काही राग धरून बसणारा माणूस नाही. उलट त्या दिवसापासून माझे डोळे उघडले आहेत (साबण गेल्यावर). आज ना उद्या तुमच्यावरही एखादी नोटीस, फ्लेक्स, जाहिरात, बातमीची पट्टी किंवा लग्नपत्रिका लिहायची वेळ येणारच. तेव्हा काळाबरोबर राहायचं असेल तर माझं ऐका.

सगळ्यात आधी विरामचिन्हं हद्दपार करा. ती आपली नव्हेतच. मोडी लिपीत कुठे होती? वर एक रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत सुटायचं, शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने बघून घ्यावं. स्वल्पविराम-अर्धविरामांची ही लचांडं एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी नावाच्या साहेबाने आपल्याकडे रुळवली. साहेब गेला, त्याची टिंबं कशाला सांभाळायची? उद्गारचिन्ह मात्र जरूर ठेवा आणि एकटं ठेवू नका, त्याला करमत नाही. “आजोबांचे दुःखद निधन!!! अंत्ययात्रा सकाळी 10 वाजता!!!” वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, सोबत ढोल-ताशापण असणार.

मोडीचं निघालंच आहे म्हणून सांगतो. त्या कारकुनांना निदान आपण काय लिहितोय हे ठाऊक असायचं. ‘ध’चा ‘मा’ घ्या. ती गोष्ट खरी की दंतकथा, ते इतिहासकार बघतील. पण त्या गोष्टीतल्या आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ करताना विध्यर्थाला, म्हणजे शेवटच्या त्या ‘वे’ला, धक्का लावलेला नाही! 1773 सालच्या खुनाच्या हुकमातसुद्धा क्रियापद जागच्या जागी. आज तोच हुकूम निघाला तर “नारायणरावांना मारण्यात येण्याचे करावे” असा निघेल आणि गारदी खुलासा मागवतील.

प्रत्यय शब्दापासून चार बोटं लांब ठेवा, चपला दाराबाहेर काढतात तसे. ‘घरा समोर’, ‘सभासदां साठी’, ‘त्यांच्या कडे’.

शब्दाच्या मात्र केसालाही धक्का लागता कामा नये. पुणेला जा, ठाणेमध्ये उतरा, सातारामधून परत या. पुण्याला, ठाण्यात, साताऱ्याहून असं म्हणणारी माणसं जुन्या काळातली. प्रत्यय लागण्याआधी शब्द जे वळण घेतो, त्याला सामान्यरूप म्हणतात. घोड्याला, माशाला, देवळात, पाण्यात. चार-पाच वर्षांचं पोर हे कोणी न शिकवता बिनचूक करतं. “चेंडू पाण्यात पडला” म्हणतं, “पाणीमध्ये” म्हणत नाही. मग त्याला पंधरा-वीस वर्षं शिकवावं लागतं, पदवी द्यावी लागते, जाहिरातीच्या ऑफिसात बसवावं लागतं, तेव्हा कुठे त्याला ‘पाणीमध्ये’ जमायला लागतं. शिक्षणावर खर्च होतो तो उगाच नाही.

‘दिन’ नेहमी ‘दीन’ लिहा. शिक्षक दीन, महिला दीन, मराठी भाषा गौरव दीन. शुद्धलेखन चुकतं, वस्तुस्थिती चुकत नाही.

‘ऱ्या’ आणि ‘र्या’मध्ये भेदभाव करू नका. लग्नघरात “आचार्यांचे पैसे राहिले” असा मेसेज गेला की गुरुजी आणि स्वयंपाकी दोघेही हात पुढे करतील, तेवढीच गंमत.

काही जबाबदारी अंगाशी येण्यासारखी असेल तर कर्त्याला फरार करा. टाकी ‘साफ करण्यात येणार’ आहे, तक्रारीची ‘दखल घेण्यात आली’ आहे, दोषींवर ‘कारवाई करण्यात येईल’. कोण करणार? वाक्यात शोधा. तिथे सापडला तर मलाही कळवा.

आता मुख्य मुद्दा. मराठीत लिहायचं असेल तर मराठीत विचार करण्याचा मोह टाळा. विचार हिंदीत करा, इंग्रजीत करा, आणि वरून मराठी शब्दांची चादर ओढा. पाय उघडे राहिले तरी चालतील. ‘मला मदत करा’ म्हणू नका, ‘माझी मदत करा’ म्हणा. मराठीत ‘माझी मदत’ म्हणजे मी दुसऱ्याला केलेली, पण बुडणारा माणूस एवढा विचार करत नाही, तुम्ही का करावा? ‘म्हणाला’ हे क्रियापद तर सक्तीने निवृत्त करा. ‘तो बोलला की मी येतो’, ‘आई बोलली जेवून घे’, सगळे नुसते बोलतायत, म्हणत कोणीच नाही. जेवू नका, ‘जेवण खा’. अंघोळ करू नका, ‘घ्या’ (मी रविवारी घेतली, तांब्यातून). ‘येत नाहीये’ नको, ‘नाही येत आहे’ म्हणा. आणि उन्हाळ्यात चुकूनही ‘उकडतंय’ म्हणू नका, ‘मला खूप गरम होत आहे’ म्हणा.

या ‘उकडतंय’वर माझा फार जीव आहे, म्हणून जरा थांबतो. उकडतंय. मळमळतंय. उजाडलं. सांजावलं. यात कर्ता शोधून दाखवा. नाही सापडत. व्याकरणात याला अकर्तृक क्रियापद म्हणतात, कोणी भावकर्तृक म्हणतं. एका शब्दात पूर्ण वाक्य, करणारा कोणीच नाही, आणि तरी अर्थाला कुठे गळती नाही. मे महिन्यात डोंबिवलीहून सुटलेल्या सकाळच्या गाडीत, दुसऱ्याच्या काखेखाली नाक दाबलं गेलेलं असताना, तेवढ्या श्वासात एवढंच म्हणता येतं: उकडतंय! ते सोडून ‘मला गरम होत आहे’? काय गरम होत आहे? तुम्ही पातेलं आहात का?

आणि त्या जाहिराती! “आता मिळवा 50 टक्के सूट!” “भरा फॉर्म आणि जिंका कार!” “प्रेम करा आपल्या केसांना!” मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं हो. जोर द्यायला कधी पुढे आणलं तर आणलं, कवीने आणलं तर त्याला शोभतं, पण म्हणून दर वाक्याची शेपटी तोंडाला लावायची? बरं, इंग्रजीवरून भाषांतर करायला हरकत नाही, पण केलेलं एकदा मोठ्याने वाचायला काय होतं? केसांना प्रेम करा! कुणाच्या घरात असं बोलतात? तुमच्या आजीने कधी केसांना प्रेम केलं होतं? ती तेल लावायची!

बातम्यांचं तर बोलायलाच नको. “पोलिसांनी आरोपीला अटक केले.” रोज. पट्टीवर, मोठ्या अक्षरात, रोज! अरे, अटक ती! ती अटक! म्हणून अटक केली. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जातं: पोलिसांनी चोर पकडला, टोळी पकडली. कर्माला ‘ला’ लागला की भावे प्रयोग होतो आणि क्रियापद मुकाट नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं: चोराला पकडले, टोळीला पकडले. इथपर्यंत ‘ले’ ठीक. पण “चोराला अटक केली” यात कर्म अटक आहे, चोर नव्हे! याला पुस्तक उघडावं लागत नाही. नुसतं कानाने कळतं. चहाच्या टपरीवरचा माणूस “साहेब, त्याला अटक केले” असं म्हणालेला मी आजवर ऐकलेला नाही. हे फक्त ज्यांना त्याचा पगार मिळतो तेच म्हणतात.

पाणी प्यायलो. आता पुढचं सांगतो.

कोणी चूक दाखवलीच तर घाबरू नका, उत्तरं तयार ठेवा. एक तर आमच्या सेक्रेटरींचं, भावनांचं. दुसरं, “भाषा प्रवाही असते.” (असते की. पण नदी वाहते म्हणून तिच्यात राडारोडा टाकायचा परवाना मिळत नाही.) तिसरं सगळ्यात जालीम: “म्हणजे बोलीभाषा अशुद्ध का?” एवढं विचारलं की समोरचा माणूस चारचौघांत गारद.

हे तिसरं उत्तर मला त्या रविवारी दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर मिळालं, आणि इथे मात्र माझी चेष्टा संपते.

बोलीला मध्ये ओढू नका. नागपूरकडचा माणूस ‘करून राहिला’ म्हणतो, ते तिकडच्या बोलीच्या नियमाने. कोल्हापूरकडची बाई ‘मी येतो’ म्हणते तेव्हा तिचं लिंग चुकलेलं नसतं, तिच्या बोलीत ते तसंच आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्यांच्या खानदेशीत ‘सभासदां ना’सारखं मोडकं काही दाखवा बरं. बोली बोलणारा आपल्या बोलीत चुकत नाही. तुमची नोटीस कुठल्या गावची बोली आहे? कुठल्या तालुक्यात ‘नोंद घेण्याचे करावे’ म्हणतात? आळशीपणाला गावाचं नाव देऊ नका, गावाची बदनामी होते.

आणि व्याकरण अवघड आहे हेही सांगू नका. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 सालचं आहे. मोरो केशव दामल्यांचा ग्रंथ 1911चा. तेही सोडा, कोणी तुम्हाला दामले वाचायला सांगत नाही. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम सरकारने 1962 मध्ये मान्य केले तेव्हा 14 होते, 1972 मध्ये चार वाढले. एकूण 18. आमच्या सोसायटीचे पार्किंगचे नियम 31 आहेत, ते सगळ्यांना तोंडपाठ! 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा याच ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरत होते. त्याखाली अभिनंदन कसं लिहिलं होतं ते सांगत नाही, मला पुन्हा रक्तदाबाची गोळी घ्यावी लागेल.

पण मला खरं झोंबलं ते वेगळंच. त्याच नोटिशीच्या खालच्या अर्ध्या भागात इंग्रजी मजकूर होता. मी तो वाचलाच नव्हता, मराठी येतं म्हणून. सोमवारी वाचला. तीन वाक्यं, तीन पूर्णविराम, स्वल्पविराम जिथे हवा तिथे. सकाळी नाही, संध्याकाळी पाच वाजता येईल, पाणी भरून ठेवा. पाच वाजताची वेळही तिथेच होती, मराठीत नव्हतीच! मी सेक्रेटरींना विचारलं, हे कसं काय एवढं नीट? तर म्हणाले, “ते मुलीकडून तपासून घेतलं. इंग्रजीत चूक झाली की लोक हसतात, काका.”

आणि मराठीत? इंग्रजीत एक ‘द’ राहिला तर तुम्ही कानकोंडे होता, ऑफिसची मेल तिघांना दाखवता, पुन्हा पुन्हा वाचता. मराठी एकदासुद्धा वाचत नाही. येत नाही म्हणून नव्हे, चांगलं येतं तुम्हाला! बायकोशी भांडताना एक प्रत्यय चुकत नाही तुमचा. लिहिताना चुकतो, कारण मराठी वाचणाऱ्याची तुम्हाला भीडच नाही. तो काय, समजून घेईल. साबण लावून उभा राहील आणि समजून घेईल. लाज वाटायला हवी. तुमच्या मुलीला बसवा ना मराठी तपासायला! तिला येत नसेल तर तो दोष कोणाचा, तेही एकदा त्याच बोर्डावर लावा.

मंगळवारी मी खिशातलं पेन काढून त्या जुन्या नोटिशीत ‘नाही’च्या पुढे एक स्वल्पविराम घातला आणि ‘सभासदां ना’ला खालून कंस घालून जोडलं. बस, एवढंच. बुधवारी सकाळी तिथे नवा कागद होता:

“नोटीस बोर्ड वर कोणी लिहायचे नाही लिहिल्यास दंड होणार”

मी अजून ठरवतोय की लिहायचं की नाही.