तिथल्यासारखी नाही हो लागत

परदेशातून येताना काय आणायचं, हा प्रश्न आपल्याकडे कधीचाच सुटलेला आहे. लहानांना चॉकलेटं, वहिनींना परफ्यूम, मामांना व्हिस्की आणि शेजाऱ्यांना फ्रिजवर चिकटवायचं चुंबक. पण तुम्ही डब्लिनला जाऊन आला आहात. (कंपनीने तीन आठवड्यांसाठी पाठवलं होतं, बोलताना मात्र ‘मी डब्लिनला होतो तेव्हा’ असंच म्हणायचं. आठवडे मोजायला कोणी येत नाही.) तुम्हाला चुंबकं शोभत नाहीत. तुम्ही आयरिश स्टाउट, म्हणजे तिथली काळी बिअर आणा. चारच कॅन आणा, पण वर्षभर बोलायला पुरतील असे आणा.

तयारी बिअरच्या नावाच्या उच्चारापासून करायची. समोरचा ‘गिनीज’ म्हणाला की क्षणभर थांबायचं, कीव आल्यासारखं हसायचं आणि ‘गिनेस’ म्हणायचं. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. पुण्याला हे नाव माहीत झालं ते श्रीधर चिल्लाळांच्या नखांमुळे. 1952 पासून त्यांनी डाव्या हाताची नखं वाढवली आणि 2018 साली कापली, तोवर दोन पिढ्यांनी ‘गिनीज बुक’ हाच शब्द ऐकला. त्या पुस्तकाचा आणि या काळ्या बिअरचा संबंध काय, हे कोणी विचारेल म्हणून वाट पाहू नका. कोणी विचारत नाही. आपणच सांगायचं. 1951 साली ही बिअर बनवणाऱ्या कारखान्याचे व्यवस्थापकीय संचालक सर ह्यू बीव्हर आयर्लंडमधल्या वेक्सफर्डला शिकारीला गेले होते. युरोपात शिकारीच्या पक्ष्यांपैकी सगळ्यात वेगवान कोण, यावरून तिथे वाद झाला आणि उत्तर कुठल्याच पुस्तकात सापडेना. पबमध्ये रोज रात्री असेच वाद होत असणार, हे त्यांनी ओळखलं आणि 1955 साली ते पुस्तक निघालं. म्हणजे पिणाऱ्यांची भांडणं मिटवायला काढलेलं पुस्तक आपण शाळेत बक्षीस म्हणून देत आलो. हा किस्सा सांगून झाला की पहिला कॅन फोडायच्या आतच अर्धा तास सत्कारणी लागतो.

कॅन आणण्याआधी तिथे काय केलंत, हेही ठरवून ठेवा. टेंपल बारला तुम्ही पहिल्याच संध्याकाळी गेला होतात, लाल भिंतीसमोरचे फोटो काढलेत आणि एका पाइंटचे जे पैसे मोजलेत ते अजून घरी सांगितलेले नाहीत. ते सगळं पुसून टाका. ‘टेंपल बारला टुरिस्ट जातात’ हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहा. तुम्ही गेलात ते ग्लासनेव्हिनच्या स्मशानभूमीला लागून असलेल्या, 1833 पासून चालू असलेल्या कॅव्हनाच्या पबमध्ये. लोक त्याला ‘ग्रेव्हडिगर्स’ म्हणतात. कबरी खोदणारे लोक भिंतीवर फावडं आपटून आतून पाइंट मागवायचे, असं तिथे सांगतात. ‘सांगतात’ हा शब्द मात्र गाळायचा. फावड्याचा आवाज तुम्ही स्वतः ऐकलात.

मग ओतण्याचं वर्णन. बारवाला ग्लास तिरका धरतो, पाऊण भरतो, आणि बाजूला ठेवून निघून जातो. ग्लासात बुडबुडे वर जायचे सोडून कडेने खाली उतरताना दिसतात. (लिमेरिक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी 2012 साली यावर काम केलं, कारण ग्लासाच्या आकारात आहे, वर रुंद आणि खाली अरुंद. हे सांगताना रुमालावर आकृती काढावी.) मग तो परत येतो आणि उरलेला भाग भरतो. या सगळ्याला 119.5 सेकंद लागले पाहिजेत, असं कंपनीची जाहिरात म्हणते. आपला अमृततुल्यवाला दोन मिनिटं उशीर करतो तेव्हा तुम्ही काउंटरवर नाणं आपटता. तिथे तुम्ही त्याच दोन मिनिटांचा व्हिडिओ काढलात आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलात. काकांनी त्यावर हात जोडल्याची खूण पाठवली, कारण त्यांना वाटलं हे कुठलं तरी तीर्थ आहे. फार चुकलं नाही त्यांचं.

भाडेकराराची गोष्ट तर मुंबईच्या पाहुण्यांसाठी खास राखून ठेवा. 31 डिसेंबर 1759 रोजी आर्थर गिनेसने सेंट जेम्सेस गेटची जागा वर्षाला 45 पौंडांवर घेतली, तीही 9000 वर्षांसाठी. गिरगावातला पागडीचा भाडेकरू हे ऐकून दोन मिनिटं गप्प बसतो. पुढे कारखाना पसरला आणि जमीन विकतच घेतली गेली, त्यामुळे करार आता काचेखाली बघण्यापुरता उरला आहे. पण एवढं शेपूट जोडून त्या माणसाचा आनंद कशाला घालवा?

आता सामान. भारतात येताना माणशी 2 लिटर मद्य करमाफ आहे. आयर्लंडमधला कॅन 500 मिलीचा, म्हणजे चार कॅनमध्ये मर्यादा काठोकाठ भरते. इथे तुमचा एखादा हिशेबी मित्र कागद घेऊन बसेल. 2 लिटर व्हिस्की आणली असतीस तर 40 टक्क्यांनी 800 मिली अल्कोहोल आलं असतं, 4.2 टक्क्यांची ही बिअर आणलीस, म्हणजे 84 मिली आलं. एवढ्यासाठी तू दोन किलोंवर वजन वाहिलंस? या मित्राला त्या संध्याकाळी बोलवू नका. व्हिस्कीच्या बाटलीची आस लावून बसलेल्या मामांनाही हा हिशेब कळता कामा नये.

कॅन हातातल्या बॅगेत टाकू नका. डब्लिनहून मुंबईला थेट विमान नाही. वाटेत पुन्हा तपासणी होते आणि तिथला माणूस तुमच्या भावना बघत नाही. ते मोठ्या बॅगेतच टाकायचे. गुंडाळायची पद्धत तुम्हाला येतेच. जाताना आईने लोणच्याची बरणी जशी बांधली होती तशीच. आधी प्लास्टिक, मग टॉवेल, मग जीन्सचा पाय. लोणचं गळलं तर कपड्यांना निदान घरचा वास येतो, स्टाउट गळली तर बायकोसाठी घेतलेला पांढरा अरन स्वेटर काळ्या कॉफीत बुडवल्यासारखा होतो. हे मला कसं माहीत, ते विचारू नका. आणखी एक बारीक दुःख बरोबर घेऊन यायचं असतं. फेब्रुवारी 2024 पासून आयर्लंडमध्ये प्रत्येक कॅनमागे 15 सेंट अनामत घेतात, रिकामा कॅन यंत्रात टाकला की परत मिळते. चार कॅनचे 60 सेंट तुम्ही त्या देशाला सोडून आलात. इथला भंगारवाला त्यांच्याकडे तराजूसुद्धा वळवत नाही.

घरी पोचलात की पहिला नियम म्हणजे घाई. कॅनमध्ये प्लास्टिकचा एक पोकळ गोळा असतो, त्यात नायट्रोजन दाबून भरलेला. झाकण उघडलं की दाब उतरतो आणि गोळ्याच्या बारीक भोकातून फवारा सुटून साय धरते. पबमधल्या नळाला नायट्रोजन लावायची कल्पना 1959 मध्ये मायकेल ॲश या केंब्रिजच्या गणितज्ञाने तडीस नेली. तीच करामत डब्यात बसवायला पुढे जवळजवळ तीस वर्षं गेली, आणि तिला 1991 साली ब्रिटनच्या राणीच्या नावाचं तंत्रज्ञानाचं पारितोषिक मिळालं. एवढ्या मोठ्या माणसांनी केलेली वस्तू असल्यामुळे ती चांगली तीन तास तरी थंड करा, असं म्हणतात. तुम्ही करू नका. पाहुणे येऊन बसलेत, फरसाण उघडलंय, चाळीस मिनिटांत काढा. मी काढला होता. कोमट कॅन उघडल्यावर जे होतं ते नरकचतुर्दशीच्या पहाटे अनार पेटवल्यावर होतं, फरक रंगाचा. आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर त्या महिन्याची संकष्टी अजून तपकिरी आहे.

राहिले तीन. माणसं सहा. महाराष्ट्रात प्यायला कायद्याने परवाना लागतो हे त्यातल्या एकाला आठवतं (बारमध्ये पाच रुपयांत एक दिवसाचा फाडतात तोच), आणि आपल्यापैकी कोणाकडेच तो नाही यावर सगळे हसतात. मग ग्लासं शोधा. पाइंटचा ग्लास 568 मिलीचा असतो, तुमच्याकडे लग्नात आलेले सरबताचे आहेत. स्टीलचे पेले अजिबात नकोत, त्यात खाली उतरणारे बुडबुडे दिसत नाहीत आणि मग रुमालावरची आकृती वाया जाते. प्रत्येकाच्या वाट्याला पाव लिटर, साय धरून. वाटताना चेहरा सत्यनारायणाला तीर्थ देणाऱ्या भटजींसारखा ठेवा. उजव्या हातात घ्या म्हणायचं तेवढं टाळा.

आता तो क्षण. सगळे घोट घेतात. भावजी म्हणतात, ‘गॅस गेलाय वाटतं याचा.’ त्यांना समजावू नका. नायट्रोजन द्रवात फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे बारीक असतात, म्हणून ती जिभेला टोचत नाही, हे त्यांना पटणार नाही. आयुष्यभर थंडगार लागर बिअर प्यायलेल्या माणसाला जे टोचत नाही ते शिळंच वाटतं. तुम्ही फक्त एक घोट घ्या, नजर खिडकीबाहेर न्या (बाहेर समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी आहे, हरकत नाही), ओठांवरची साय पुसू नका, आणि हळूच म्हणा: ‘तिथल्यासारखी नाही हो लागत.’

दीड हजाराचं जादा सामान, डागाळलेला स्वेटर, तपकिरी संकष्टी, हे सगळं या एका वाक्यासाठी होतं. तुम्ही स्टाउट आणलीच नव्हती. ती इथे बरोबर लागत नाही याचा पुरावा आणला होता. तिथल्यासारखी लागली असती तर तुमचं डब्लिन संपलंच असतं की, कोणीही चार कॅन मागवून डब्लिनला जाऊन आलं असतं!

एखादा चिकित्सक ‘कशावरून?’ म्हणेल. त्यासाठी शास्त्र आहे. 2011 साली एका खाद्यविज्ञानाच्या नियतकालिकात चार जणांचा प्रबंध आला. वर्षभर 14 देशांतल्या 33 शहरांत, 71 पबमध्ये फिरून त्यांनी 103 वेळा गिनेस चाखली आणि शंभरपैकी गुण दिले. आयर्लंडमध्ये सरासरी 74, बाहेर 57. पबच्या वातावरणाचा परिणाम हिशेबातून काढला तरी फरक उरला. तो सगळा अभ्यास पबमधल्या पाइंटचा होता, कॅनचा नव्हता, हे चिकित्सकाला सांगायची गरज नाही. आणि गंमत बघा, थोडक्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढावा, याचं गणित याच कारखान्यात नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेटने 1908 साली मांडलं. मालक नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नसत, म्हणून त्याने ‘स्टुडंट’ या नावाने छापलं, आणि बी.एस्सी.ला आपण ज्याच्यावर गुण घालवले ती ‘स्टुडंट्स टी टेस्ट’ त्याचीच. तीन कॅन आणि सहा माणसांवरून तुम्ही अख्ख्या उपखंडाचा निकाल लावलात, हे त्या परंपरेत बसत नसेल तर काय बसतं?

तीन प्रकारची माणसं या मैफलीपासून लांब ठेवा. पहिला, लागोसला पाच वर्षं काढून आलेला. नायजेरियात ही बिअर साठच्या दशकापासून बनते, तिथली साडेसात टक्क्यांची, आणि तो तुमचा 4.2 चा कॅन उचलून ‘लहान मुलांची आहे का?’ असं विचारेल. दुसरा, आयर्लंडमधल्याच कॉर्कला राहिलेला. त्याच्या मते खरी स्टाउट मर्फीज आणि बीमिश, डब्लिनचं सगळं जाहिरातबाजी. तिसरा सगळ्यात घातक: तो पुण्याच्या बाहेर कधी गेलेला नाही, पण 2009 साली दुलालीने इथे पहिली मायक्रोब्रुअरी काढल्यापासून दर शनिवारी नवं काहीतरी चाखतो. तो शांतपणे म्हणतो की ताजी बिअर कारखान्याजवळच प्यावी, आणि नवीन स्टाउट मुंढव्याला चांगली मिळते. या माणसाचं म्हणणं बरोबर आहे, म्हणूनच त्याला बोलवायचं नाही.

शाकाहारी पाहुण्यांचा प्रश्न मात्र आता सुटला आहे. ही बिअर नितळ करायला पूर्वी माशाच्या पोटातली हवेची पिशवी वापरत. सातपाटीकडे घोळीच्या पोटातून निघणारी ती पिशवी सोन्याच्या भावाने परदेशी जाते, त्याच जातीची वस्तू. गेल्या दशकात कारखान्याने ती बंद केली. हे सांगावं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगितलं, आणि 2005 साली लंडनला दोन पाइंट प्यायलेले आमचे एक माळकरी काका उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आमच्याकडे त्या रात्री अर्धा ग्लास उरला होता. सकाळी आजीने तो ओट्यावर पाहिला, वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाली, ‘दशमूलारिष्ट आहे हे. पाणी जास्त झालंय.’ मी तिला चार शतकं ओलांडून आलेल्या भाजलेल्या जवाबद्दल काही सांगणार होतो, शतकं नीट मोजलीही नव्हती. ती म्हणाली, माझ्या बाळंतपणात सासूबाई रोज दोन चमचे द्यायच्या. आयर्लंडमध्येही बाळंतिणीला हीच बिअर द्यायचे, हे मी तिला सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही; बाळंतीण कुठलीही असली तरी तिला काढा लागणारच. मग तिने कपाटातली स्वतःची तपकिरी बाटली काढली, झाकणाने मोजून घेतलं, त्यात तेवढंच पाणी घातलं आणि प्यायली. बाटलीवरच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: स्वयंजात अल्कोहोल 5 ते 10 टक्के.

‘तुझं किती आहे रे?’ तिने विचारलं.