अ‍ॅव्होकॅडो झाडावर मऊ होण्याची वाट पाहू नका

‘अ‍ॅव्होकॅडो झाडावरच मऊ होऊ द्या, हॅस जातीचा असेल तर काळा पडल्याशिवाय हात लावू नका’ असा निरोप बागकामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. आंब्याला झाडावर पाड लागतो, तसा अ‍ॅव्होकॅडोला लागत नाही. तो झाडावर फक्त जून होतो; मऊ पडतो तोडल्यावरच. रंगाचाही भरवसा नाही: हॅस हिरवा असतानाही जून असू शकतो, आणि फुएर्ते जातीचा तर पिकला तरी हिरवाच.

मग ओळखायचं कसं? मोठ्यातलं एक फळ काढून घरात उघड्यावर ठेवा. आठ-दहा दिवसांत एकसारखं मऊ झालं तर बाकीची काढायला हरकत नाही. सुरकुतलं, आतून चिवट राहिलं, तर अजून कोवळं आहे. कापल्यावर बीवरची साल जरूर बघा. जाड, पांढरट असेल तर घाई झाली. जून फळात ती पातळ, कोरडी, तपकिरी होते.

ओढून तोडू नका. कात्रीने, थोडा देठ ठेवून कापा. देठ उपटला की तिथून बुरशी शिरते. सगळी एकदम उतरवायची गरज नाही, जून फळं झाडावर काही आठवडे टिकतात. कडक फळ फ्रिजमध्ये घालू नका. लवकर हवं असेल तर पिकलेल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवा.