टीकेने विश्वास उडतो, म्हणे!

सध्या एक संदेश जोरात फिरतो आहे: 'माध्यमं आणि समाजमाध्यमं उठसूट सरकारी यंत्रणांच्या नावाने खडे फोडतात, म्हणून लोकांचा विश्वास उडाला. टीका थांबवा, झालेली कामं दाखवा, विश्वास आपोआप परत येईल.' ऐकायला सोपं आहे, पण तपासायला गेलं की टिकत नाही. अफवांनी नुकसान होतं हे मान्य. पण दावा त्याहून बराच मोठा आहे.

आधी समाजमाध्यमांचं बघू. १९६४ साली अमेरिकेतले ७७ टक्के लोक म्हणत होते की केंद्र सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करतं. १९८०पर्यंत हे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास आलं. तेव्हा कुणाच्या हातात मोबाइल होता? मधल्या काळात व्हिएतनाम युद्धाबद्दल सरकारने केलेली दिशाभूल उघड झाली होती आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणारं वॉटरगेट प्रकरणही घडलं होतं.

आणि सगळं माध्यमांनीच नासवलं असतं, तर सगळ्या संस्था सारख्याच बदनाम व्हायला हव्या होत्या. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने २०२३मध्ये ३० देशांत विचारलं तेव्हा पोलिसांवर ६३ टक्के लोकांनी विश्वास दाखवला, राजकीय पक्षांवर २४ टक्क्यांनी. बातम्या पाहणारे लोक तेच!

'कामं दाखवा' हा मुद्दा मला सर्वांत कच्चा वाटतो. मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी १९८४मध्ये शिकागोतल्या १,५७५ रहिवाशांना पोलीस आणि न्यायालयांबद्दल विचारलं. निकाल आपल्या बाजूने लागला की नाही, यापेक्षा आपलं ऐकून घेतलं का, नियम सगळ्यांना सारखा लावला का, नीट वागवलं का, याचं वजन जास्त निघालं. म्हणजे दंड भरून आलेला माणूसही व्यवस्थेला मान देऊ शकतो, आणि काम झालेला माणूस मनात शिव्या घालत घरी जाऊ शकतो. अर्ज नामंजूर झाला तर वाईट वाटतंच. पण कारण न सांगता खिडकीतून कागद परत सरकवला, तर ते वर्षानुवर्षं डाचतं. ओईसीडीच्या त्याच पाहणीत, सरकारी कारभारात आपल्या म्हणण्याला किंमत आहे असं वाटणाऱ्यांपैकी ६९ टक्के राष्ट्रीय सरकारवर विश्वास ठेवत होते. तसं न वाटणाऱ्यांपैकी फक्त २२ टक्के. एवढी दरी जाहिरातीच्या फलकांनी कशी बुजणार?

राहिलं 'टीका थांबवा'. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२पासून अलाबामातल्या टस्कीगी भागात उपदंश झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना, केवळ रोग कसा वाढतो ते पाहण्यासाठी, उपचारांविना ठेवलं. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिलं नाही. १९७२मध्ये वृत्तपत्रांनी ते छापलं, तेव्हा कुठे हा प्रकार थांबला. संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी एवढंच सांगावं: ती बातमी दाबायला हवी होती का?