ब्लॉक-पिस्टनच्या कामाला चार दिवस का लागले : गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब. तुम्हाला चार दिवस गाडीवाचून राहावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, "व्हॉल्व्ह सील बदलायला गाडी दिली, तर न विचारता ब्लॉक-पिस्टन काढला. दोन तासांच्या कामाला चार दिवस लावले." बिल जास्त वाटलं असं लिहिलं असतंत तर मी ऐकून घेतलं असतं. पण न विचारता इंजिन उघडलं, हे मनाला फार लागलं. उद्यमनगरात वडिलांच्या हाताखाली मी हे काम शिकलोय. हे वाचून उद्या कोण गाडी लावेल माझ्याकडं?

थंड इंजिन सुरू करताना थोडा धूर येऊन थांबत असता, तर व्हॉल्व्हमधून ऑईल आत गळू न देणारं सील बदलून भागलं असतं. तुमची स्प्लेंडर गरम झाल्यावरही रेस दिली की निळा धूर मारत होती. प्लगच्या भोकातून थोडं ऑईल सोडून पुन्हा कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनमधला दाब, गेजवर बघितलं, तर काटा वर चढला. ऑईलनं फट बुजली म्हणून दाब वाढला, म्हणजे दोष रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) आणि बोअरचा (ब्लॉकमधल्या ज्या गोल पोकळीत पिस्टन खालीवर होतो तिचा). तुम्ही तिथंच उभे होता साहेब. "बघा काढून" असं तुम्हीच म्हणालात.

आता दोन तासांचं. उतरवायला तेवढेच लागतात, खरं आहे. सायलेन्सर, कार्बोरेटर काढायचा, मॅग्नेट टी खुणेवर (पिस्टन सगळ्यात वर असतो तिथं) आणायचा, टायमिंग चेन आत पडू नये म्हणून तारेनं बांधायची, हेडचे, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाचे, नट इंजिन थंड असताना तिरपे-तिरपे सैल करायचे. हेड निघालं की ब्लॉक सावकाश ओढायचा आणि खालच्या चेंबरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं, कारण सर्क्लिप (पिस्टनची पिन अडवणारी बारीक कडी) उडून आत गेली तर अख्खं इंजिन खोलावं लागतं. पिस्टनची पिन हातानं ढकलून काढायची. कुणी हातोडीनं ठोकली तर पिस्टनखालचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, म्हणून हे काम मी पोरांवर सोडत नाही.

वेळ गेला तो पुढं. 50 मिमीचा बोअर वर, मध्ये, खाली असा आडवा-उभा मापला. वरच्या रिंगेच्या जागी 50.12 भरला, खाली मात्र जवळजवळ मूळ मापाचा. असा ब्लॉक लेथवर नेऊन 0.25 मिमी ओव्हरसाइजला (मूळ मापापेक्षा तेवढा मोठा) बोअर करून होनिंग, म्हणजे आतून बारीक घासून, घ्यावा लागतो आणि त्याच मापाचा पिस्टन आणावा लागतो. खर्च वाढणार म्हणून त्याच दुपारी तुम्हाला फोन केले. उचलला नाहीत. मेसेज टाकला. तुमचं "करा" दुसऱ्या दिवशी रात्री आलं. एकदा मोठा केलेला बोअर परत लहान होत नाही साहेब, म्हणून तुमच्या होकाराशिवाय मी ब्लॉक हलवला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी लेथवाल्याची साप्ताहिक सुट्टी होती. न विचारता करायचं असतं तर गाडी दोन दिवसांत दिली असती.

मधे येऊन तुम्ही म्हणालात, "जुन्याच पिस्टनवर नव्या रिंगा टाका आणि द्या." मी नको म्हटलं, त्याचा तुम्हाला राग आला हे मला दिसलं. वर झिजलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा धड बसत नाहीत, धूर परत सुरू झाला असता आणि नाव माझंच खराब झालं असतं. रिंगांचं तोंड (दोन टोकांमधली फट) फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मापून, पिस्टनची आयएन खूण इनलेटकडं ठेवून, सर्क्लिपा आणि पॅकिंग नवीन घालून मी स्वतः इंजिन बांधलंय. जुना पिस्टन आणि रिंगा पिशवीत घालून तुमच्या हातात दिल्यात. पिस्टनच्या बाजूला उभे ओरखडे आहेत, दुसऱ्या कुठल्याही मेस्त्रीला दाखवा. ऑईल कमी असताना गाडी पळवली की असं होतं.

यापुढं इंजिनकामाच्या गाडीचा अंदाजे खर्च आणि दिवस कार्डावर लिहून देऊ, तेवढं नक्की करतो.

गाडी आता पहिले 500 किलोमीटर 45च्या आत चालवा, वरच्या गिअरमध्ये दाबू नका, चढाला डबलसीट टाळा. 500 झाले की ऑईल बदलायला आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासायला या. तुमच्याकडून मजुरी घेणार नाही, फक्त येताना आधी फोन करा.