बाटली संपवू नका

आधी एक पथ्य सांगते, कारण बाकी सगळी विद्या त्यावरच उभी आहे. नैसर्गिक शाम्पू, हर्बल तेल, हेअर मास्क, सिरम, काहीही असो, बाटली कधी संपवायची नाही. बाटली संपली की निकाल लागतो. तळाला तीन बोटं माल उरला की झाकण घट्ट लावा, बाटली मागच्या रांगेत सरकवा आणि नवी मागवा. माझ्या बाथरूममध्ये परवापरवापर्यंत अकरा बाटल्या होत्या आणि त्यातली एकही नापास झालेली नव्हती. परीक्षेलाच बसवली नाही, तर नापास होईलच कशी?

नवरा मध्यंतरी म्हणाला, "अगं, ही अर्धी शिल्लक आहे की!" मी म्हटलं, "शिल्लक नाही, राखीव आहे."

आता वेळापत्रक. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे एखाद्या गोष्टीचा गुण आला की नाही हे बघायचं तर ती तीन-चार महिने तरी नेमाने लावायला हवी. म्हणूनच दर तीन आठवड्यांनी बदला. रोजमेरीचंच घ्या. २०१५ साली इराणमध्ये झालेल्या एका अभ्यासात रोजमेरीचं तेल लावणाऱ्यांच्या केसांत तिसऱ्या महिन्याला काहीच फरक नव्हता, सहाव्या महिन्याला दिसला. सहा महिने! तेवढ्यात आपल्याकडे रोजमेरी येऊन, जुनी होऊन, तिच्या जागी कांद्याचं तेल येऊन, त्याच्या वासाने घरात भांडण होऊन तेही मागच्या रांगेत गेलेलं असतं. शिवाय त्यांनी तेल लावलं होतं, आपण चहाच्या पातेल्यात काड्या उकळून त्यांचं पाणी शिंपडतो, हा बारीकसा फरक मनाला लावून घेऊ नका.

खरेदीला सर्वोत्तम मुहूर्त म्हणजे आजारपणानंतरचा. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, काहीही चालेल. अशा मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठी-मुठीने गळतात आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांचे आपोआप थांबतात. गळती ऐन भरात असताना बाटली घ्या. ती उतरणीला लागली की श्रेय बाटलीचं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, पण कावळ्याला साडेसहाशे रुपये मोजलेत, तर फांदी त्यानेच मोडली म्हणायला नको का? त्वचारोगतज्ज्ञाकडे मात्र जाऊ नका. तो पहिल्याच मिनिटाला विचारतो, "दोन-तीन महिन्यांपूर्वी ताप आला होता का?" आणि सगळा आनंद घालवतो. वर दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं नॉर्मल आहे, असंही सांगतो. ज्या बाईने आठवड्यातून दोनदा न्हाऊन मोरीच्या जाळीवरचा गुंता निरखण्यात ऐन तारुण्य घालवलं, तिच्याशी हे असं बोलतात!

लेबल वाचावं, पण फक्त पुढचं. पुढे माक्याचं झाड, जास्वंदीचं फूल, पाट्यावर काहीतरी वाटणारे कुणाचे तरी हात. मागे छोट्या अक्षरात घटकांची यादी असते आणि ती प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा नियम आहे. फक्त एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. मी एकदा चष्मा लावून वाचली. पहिलं पाणी, दुसरं कोकामिडोप्रोपिल बिटेन, म्हणजे फेस आणणारं रसायन. माका शोधत शोधत खाली गेले तर तो सुगंधाच्या खाली, रंगाच्या शेजारी अंग चोरून उभा होता, लग्नाच्या फोटोत वधूपक्षाचा ड्रायव्हर उभा असतो तसा. तेव्हापासून मी चष्मा काढूनच खरेदी करते.

खरोखरचं नैसर्गिक हवं असेल तर काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, तेही आणाच. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला-कचोरा. दुकानदार कागदाच्या पुड्या बांधता बांधता विचारतो, "दळून देऊ का?" आपण "नको, मी घरी करते" म्हणायचं. इतकं शुद्ध खोटं बोलायची संधी हल्ली फार कमी मिळते. दळून आणलीत तर वापरावी लागते, आणि शिकेकाई वापरणं म्हणजे डोळे लाल, केसांत भुसा, मोरी तुंबलेली आणि नवरा प्लंबरच्या शोधात. पुड्या तशाच स्टीलच्या डब्यात ठेवा. त्यांचा वास फार छान येतो, आणि शेजारी शिकेकाईचं चित्र असलेला फेसाळ शाम्पू ठेवला की दोन्ही मिळून एक संस्कृती तयार होते.

खोबरेलापासून मात्र सांभाळा. ते काम करतं. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना निघून जाणारं प्रथिन वाचवतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला ते जमलं नाही. आता जे डोळ्यांदेखत काम करतं त्यात कसला छंद? त्यातून १८ डिसेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल, केसांचं तेल म्हणून छापलेलं-विकलेलं नसेल, तर खाद्यतेलच धरायचं. वर्षानुवर्षं भांडण कराचं होतं, आणि निकालाच्या वेळी हिशोब असा होता: खाद्यतेल असेल तर जीएसटी ५ टक्के, केसांचं असेल तर १८. म्हणजे आपल्या कपाटात गुण येणारी जी एकमेव वस्तू, ती कायद्याने फोडणीची निघाली. पुढे २२ सप्टेंबर २०२५पासून केसांचं तेल आणि शाम्पूही ५ टक्क्यांवर आले. घरात कुणी बाटल्या मोजायला लागलं, तर ही तारीख पाठ असू द्या. "सरकारनेच स्वस्त केलंय" यावर अजून कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

बाटल्यांची एक फळी जुनी वाटायला लागली की स्वतःच बदला. मला अडतिसाव्या वर्षी कळलं की माझे केस सरळ नाहीत, नागमोडी आहेत. आईने तेल चोपून इतक्या घट्ट दोन वेण्या घातल्या होत्या की केसांना बोलायची सोयच नव्हती. आता मी "टू-बी" आहे, म्हणजे केसांच्या वर्गवारीत मध्यम नागमोडी. आधीची अकरा उत्पादनं एका रात्रीत परक्याची झाली आणि सगळं नव्याने घ्यावं लागलं. याच नव्या जन्मात मी अळशीची जेल करायला शिकले. दोन चमचे अळशी दोन कप पाण्यात उकळायची, नाकातल्या शेंबडासारखी तार यायला लागली की जुन्या ओढणीतून गाळायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. मी ती काचेच्या वाडग्यात, दह्याच्या शेजारी ठेवली होती.

त्या आठवड्यात सासू-सासरे सांगलीहून आले होते. प्रवासाने सासऱ्यांचं पोट बिघडलेलं, म्हणजे तीन दिवस काही हालचालच नव्हती, आणि सासूबाई सकाळीच म्हणाल्या होत्या, पेज करून ठेवते. दुपारी मी ऑफिसमधून आले तर वाडगा धुऊन पालथा घातलेला. सासरे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मी विचारायच्या आत तेच म्हणाले, "पेज बरी होती हो, जरा चिकट वाटली. मीठ-जिरं घातलं मग." सुगंधी तेलाचे थेंब टाकायचे मी त्या दिवशी विसरले होते, म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इतके प्रसन्न होते की स्वतः जाऊन भाजी घेऊन आले. गेल्या चार वर्षांत मी घरात आणलेल्या कुठल्याही नैसर्गिक उत्पादनाने दिलेला हा पहिला खात्रीचा गुण. केसांवर नाही, पण गुण तो गुणच.

खरा घात सासूबाईंनी केला, तोही प्रेमाने. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी बाथरूम आवरलं. संध्याकाळी मी पाहिलं तर फळीवर एकच मोठी बाटली, आणि खाली बादलीत दहा रिकाम्या, धुऊन निथळत ठेवलेल्या.

"सगळ्यांत तळाला थोडं थोडं राहिलं होतं गं," त्या म्हणाल्या. "एकत्र केलं, थोडं पाणी घालून हलवलं. महिनाभर पुरेल तुला."

माका, जास्वंद, कांदा, रोजमेरी, आर्गन, भाताचं पाणी आणि नाव न वाचता घेतलेली एक कोरियन, अकराच्या अकरा एका बाटलीत. मी काही बोलले नाही. पर्यायच नव्हता, म्हणून महिनाभर तेच लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक बाटली संपवली. तर परवा लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या वहिनी माझ्या डोक्याकडे बघून म्हणाल्या, "अय्या, काय लावतेस गं तू हल्ली?"

आता आली का पंचाईत! त्या अकरातली नेमकी कोणती, हे सासूबाईंनाही सांगता येत नाहीये. शोध लावायचा तर अकराही पुन्हा आणायला हव्यात आणि एकेक करून बघायला हवी. ऑर्डर दिली आहे, बुधवारी येतायत. आमचे हे बुधवारी घरूनच काम करतात, तेवढं खोकं तुमच्या पत्त्यावर घेतलंत तर चालेल ना?