आत कोण आहे?

काल सकाळी अकराला मी माझ्याच झूम मीटिंगच्या दाराबाहेर ताटकळत होतो. पडद्यावर वाक्य: ‘होस्टने मीटिंग सुरू करण्याची वाट पाहत आहोत.’ होस्ट, म्हणजे यजमान, मीच. खाली बारीक अक्षरात, ‘तुम्ही होस्ट असाल तर साइन इन करा.’ असाल तर! केलं साइन इन. पुन्हा तेच वाक्य.

तेवढ्यात फोन. टॅक्स रिटर्नसाठी माझी वेळ घेतलेले काका.

“अहो, मी केव्हाचा वेटिंगमध्ये आहे.”

“काका, मीही बाहेरच आहे.”

“मग आत कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग आपण थांबलोय कोणासाठी?”

“माझ्यासाठी.”

काका गप्प. मागून काकू म्हणाल्या, “बेल वाजवा म्हणावं त्यांना.”

“बेल आहे का हो?”

“नाही.”

“कंपाउंडर?”

“तोही नाही.”

“डॉक्टरकडे निदान डॉक्टर तरी आत असतो हो. बरं, मी हे बंद केलं तर माझा नंबर जाईल का?”

“काका, रांगेत तुम्ही एकटेच आहात.”

“एकटा कसा? तुम्ही आहात ना. आधी कोण आलं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भानगड अशी. लॉकडाऊनमध्ये मी जीमेल आणि पासवर्ड देऊन झूमवर खातं काढलं होतं. पुढे एकदा ऑफिसच्या मेलने ‘गूगलने साइन इन’ दाबलं, तर दुसरं खातं निघालं, तेही गुपचूप. आपल्याला माणूस एकच दिसतो. झूमला ईमेल दिसतो. लोक माझी वेळ घेतात ते बुकिंगचं सॉफ्टवेअर जोडलेलं जुन्या खात्याला. कोणी स्लॉट घेतला की लिंक तिथून तयार होते आणि होस्टही तेच खातं. लॅपटॉपवर मी ऑफिसचा. म्हणजे पाहुणा. सहा आकडी होस्ट-की टाकून मालकी घेता येते म्हणतात, पण ती टाकायला आधी आत जावं लागतं!

उपाय पाच मिनिटांचा, पण तो मीच शोधायचा. बुकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इंटिग्रेशन्स’ म्हणजे जोडण्यांच्या पानावर झूमचा कुठला ईमेल जोडलाय ते बघा, तोडा, मग इन्कॉग्निटो खिडकीत पुन्हा जोडा. साध्या खिडकीत ब्राउझर न विचारता आधीच साइन इन असलेलं खातं पुढे करतो. एवढं करूनही आधी झालेल्या बुकिंगच्या लिंका जुन्याच खात्यावर राहतात. त्या एकेक करून रीशेड्यूल करायच्या. माझ्या 14 होत्या.

कॅलेंडरचंही तसंच. जे कॅलेंडर टिक केलंय तेवढंच बुकिंगचं सॉफ्टवेअर वाचतं, आणि त्यातही ‘फ्री’ अशी खूण असलेली नोंद त्याच्या लेखी नसतेच. मागे भाच्याच्या लग्नाच्या दिवशी माझे सहा स्लॉट उघडे होते. अक्षता एका हातात, फोन दुसऱ्या हातात. न्यू जर्सीच्या मंडळींचं तर विचारूच नका. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे जातात, साडेदहा तासांचं अंतर साडेनऊ होतं आणि त्यांनी लावलेली दर आठवड्याची मीटिंग आमच्याकडे तासभर आधी येऊन उभी राहते. आपली घड्याळं वर्षभर जागची हलत नाहीत, तरी दिलगिरीचे मेल आपणच लिहायचे. या सोयीसाठी मी महिन्याला पैसे भरतो, तेही दोन्ही खात्यांचे. हे मला काल कळलं.

काकांना शुक्रवारची वेळ दिली. आज सकाळीच त्यांचा फोन.

“शुक्रवारी आधी तुम्ही आत जा आणि मला फोन करा. मग मी चपला काढतो.”