अंगठ्याखालची ओळ

आज विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सरांनी भाषाविज्ञानाच्या नोट्स टाकल्या. 86 पानं, सगळे मोबाइलवर काढलेले फोटो. काही आडवे, एकात तर चक्क सरांचा अंगठा. खाली धडाधड नमस्काराचे हात. मी विचारलं, ‘सर, वर्गात दोन मुलांना दिसत नाही, त्यांचं काय?’ उत्तर आलं, ‘कुणीतरी दाखवेल की वाचून.’

कुणीतरी म्हणजे कोण हो? आणि परीक्षेच्या आदल्या रात्री?

चिडतेय, पण खरं सांगायचं तर मीही हेच केलंय. दोन वर्षांपूर्वी एक स्कॅन केलेली पीडीएफ पाठवली होती. दुसऱ्या दिवशी वर्गातला एक न दिसणारा मुलगा स्टाफरूमच्या दाराशी. ‘मॅडम, फाइल रिकामी आहे.’ म्हटलं, अरे, चाळीस पानं आहेत! त्यानं लॅपटॉप उघडून इअरफोन माझ्या हातात दिला. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारी आतली बाई म्हणाली, ‘एम्प्टी डॉक्युमेंट.’ स्कॅन म्हणजे नुसतं चित्र, तिला त्यात अक्षरंच सापडेनात. चाळीस पानं मला दिसत होती, त्याच्यासाठी कोरी.

मग मी मोठ्या तोऱ्यात टाइप केलेली फाइल दिली. कृतिदेवमध्ये! म्हणजे त्या जुन्या फाँटमध्ये, जो दाखवतो मराठी पण आत ठेवतो इंग्रजी अक्षरं. त्यानं एकेक अक्षर ऐकवलं. ‘मराठी’ या शब्दाचं काय झालं होतं माहितीय? ई, जे, के, बी, एच. तो पोट धरून हसला. मराठीची बाई मी, मला कुठे तोंड लपवू झालं.

युनिकोडात, म्हणजे मराठी अक्षरं मराठीच राहतात त्या पद्धतीत टाइप करा, मथळ्यांना हेडिंग द्या, आकृती असेल तर खाली दोन ओळींत सांगा. बस. स्क्रीन वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते या मुलांकडे असतंच. कॉपीराइटचं तुणतुणं तर वाजवूच नका, न दिसणाऱ्यांसाठी केलेल्या अशा प्रतींना 2012 पासून कायद्यानंच मोकळीक आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं प्रवेशात 5 टक्के जागाही ठेवल्या. म्हणजे पंगतीला बोलवायचं आणि पानात वाढायचं नाही, असंच ना हे?

बरं, जुन्या छपाईची जोडाक्षरं ओसीआरमध्ये, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फुटतात, दुरुस्तीला रात्री जातात आणि तासिका तत्त्वावरच्या पोरांना त्याचा छदामही मिळत नाही. मान्य.

पण तो मुलगा दारात उभा होता ना, तेव्हा आवाजात तक्रार नव्हती. आपलंच काही चुकलं असेल, असा सूर होता. तो सूर अजून कानातून जात नाही.

सर, तुम्ही ही पोस्ट वाचणार, माहितीय. रागावू नका. पहिली दहा पानं मी आज रात्री टाइप करते. अंगठ्याखालची ओळ तेवढी फोनवर सांगा.